दहा किलोची ओढ

माझ्या मनगटाबद्दल मुकुंदवाडीत ज्या गोष्टी सांगतात, त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत. मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या मीच उठवलेल्या आहेत. स्टेशनाजवळच्या फाटकात बंद पडलेला टेम्पो मी एकटीनं ढकलून रुळांपार नेला, ही खरी. टेम्पोत दोन म्हशी होत्या, हे मी लग्नानंतर सासरी सांगताना घातलं. आणि त्यातली एक गाभण होती, हे नातवंडं झाल्यावर. पण अठराव्या वर्षी माझ्या हातात जो जोर होता तो होताच. चिंचेचं भरलेलं पोतं मी ओसरीवरून उचलायची आणि थेट गाडीत टाकायची, आणि ज्यांना त्या कामासाठी बोलावलेलं असायचं ते हमाल बिडी ओढत बघत बसायचे. आई म्हणायची, "देवानं हिला ताकद दिली पायलीनं अन् अक्कल दिली चिमटीनं." आईचा जन्म तोलण्यात गेला होता, तेव्हा माप बरोबरच असणार.

आमचं घर म्हणजे पुढं पत्र्याचं गॅरेज, मागं दोन खोल्या आणि मधे अंगण. गॅरेज माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, खोल्या आईच्या, आणि अंगण कुणाचं यावर त्या दोघांचा उभा जन्म वाद चालला. आईचा चिंचेचा धंदा होता. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठ्याकडची झाडं ती फळ झाडावर असतानाच ठरवून घ्यायची. मग उन्हाळाभर चार बायका आमच्या अंगणात बसून लाकडी थाप्यांनी चिंच फोडायच्या. टरफल एकीकडं, चिंचोके एकीकडं, गर एकीकडं. इकडून त्यांची टकटक, तिकडून अण्णांच्या हातोड्याची ठणठण, आणि मधूनच रुळावरून गाडी गेली की फळीवरचे सगळे पाने एकदम थरथरायचे. आमच्या घरात माया करायची तरी ओरडूनच करावी लागायची. दोन्ही धंद्यांचं सामान एकमेकांत मिसळलेलं. चिंचेच्या पाण्यात गंज सुटतो, म्हणून अण्णा गंजके बोल्ट त्यात भिजत घालायचे, आणि त्याच रंगाचं, त्याच आकाराच्या पातेल्यात आईचं सार असायचं. ज्वारीची गरम भाकरी, वरून येसराच्या भाजक्या मसाल्याची फोडणी दिलेलं ते सार. त्यासाठी पाहुणे मुद्दाम जेवायच्या वेळेला यायचे. एकदा एका पाहुण्याच्या वाटीत नट निघाला. पाहुणा गार. अण्णांनी तो नट उचलला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "हा मी चार दिवसांपासून शोधतोय." पाहुण्यानं त्यानंतरही दोन वाट्या सार घेतलं. आता असले पाहुणे राहिले नाहीत. असलं सारही राहिलं नाही, पण ते मी सुनेसमोर म्हणत नाही.

अण्णा शेवग्याच्या शेंगेसारखे. वावटळ सुटली की गॅरेजबाहेर पडताना दोन्ही खिशांत एकेक जड पाना टाकायचे, नाहीतर ते थेट चिकलठाण्याला उतरले असते. मिशी तेवढी भारी. अंगातलं निम्मं वजन तिचंच. आमच्या त्या गदारोळात आवाज न चढवणारा हा एकच माणूस होता, आणि गंमत अशी की ते बोलायला लागले की थाप्या थांबायच्या. लष्कराच्या लिलावात निघालेले जुने ट्रक, चारही चाकांना जोर असलेले, ही त्यांची खासियत. जिथं रस्ता संपतो तिथून पुढं जाणाऱ्या या गाड्या. असल्या ट्रकच्या पोटात गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक पेटी असते. इंजिनाचा जोर आधी तिच्याकडं येतो आणि पुढच्या चाकांना किती, मागच्या चाकांना किती, हे ती ठरवते. तिला ट्रान्सफर म्हणतात. अण्णा म्हणायचे, ही घरातली थोरली बाई. हातात पळी हिच्या. हिनं नीट वाढलं तर घर चालतं, हिचं डोकं फिरलं तर सगळे उपाशी. आणि या थोरल्या बाईचं अंग असतं अ‍ॅल्युमिनियमचं. दिसायला दणकट, पण जिवाला नाजूक. दोन अर्धी कवचं समोरासमोर बसवायची, मधे कागदाचं गॅस्केट घालायचं आणि कडेनं चौदा बोल्ट आवळायचे. सैल राहिले तर तेल गळतं आणि आतले गिअर कोरडे पडून जळतात. जास्त आवळले तर कवच तडकतं. मधली जागा केसाएवढी.

ती केसाएवढी जागा अण्णा तोलून काढायचे. तोलून म्हणजे खरोखर तोलून, काट्यावर. आईचा चिंचेचा काटा होता, तबकडीचा, वर कडी, खाली आकडा. अण्णांनी एक फूटभर लांबीचा पाना घेऊन त्याच्या टोकाला भोक पाडलं होतं. पाना बोल्टाला लावायचा, भोकात काट्याचा आकडा अडकवायचा आणि पान्याला काटकोनात राहील असा काटा सरळ ओढायचा. तबकडीवर दहा किलो आले की हात थांबला पाहिजे. एकदम दहा नाही. पहिल्या फेरीला चार, मग सात, मग दहा. आणि ओळीनं तर मुळीच नाही. इथला एक झाला की त्याच्या समोरचा, मग त्याच्या आडवा, मग त्याच्या समोरचा. "बाज विणताना एकाच अंगाची दोरी ताणतीस का? मग बाज वाकडी होणारच," असं ते मला सांगायचे. चौदाच्या चौदा झाले की तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या कवचावर एक सलग रेघ ओढायची. बोल्ट पुढं मागं फिरला तर रेघ मोडणार. रुळावरून गाडी जाताना ते काम थांबवायचे, कारण काटा थरथरतो. गाडी लांब असली तर डब्यांची मोजणी करत बसायचे. तुम्हाला हे सगळं वेड वाटेल. मलाही वाटायचं. आता माझ्या नातवाकडं बॅटरीवरचा पाना आहे, भरला की तो शिट्टी घालतो. मी तो एकदा गुपचूप आईच्या काट्यावर लावून पाहिला. दोन्ही सारखे निघाले. नातवाला वाटलं आजी पान्याची परीक्षा घेतेय.

काट्यावरून घरात जे व्हायचं ते विचारू नका. आई अंगणातून ओरडायची, "अवं, काटा द्या इकडं, यापारी दारात उभा हाय!" अण्णा ट्रकखालून म्हणायचे, "पाच बोल्ट राहिलेत." "तुमच्या बोल्टाला काय भाव येतोय का बाजारात?" अण्णा पाचही बोल्ट तोलून मगच काटा बाहेर सरकवायचे. मी दोघांच्या मधे. आणि माझं मत, जे मी कुणी न विचारता गावभर सांगत होते, ते असं की काटा लागतोच कशाला. माझा हात म्हणजेच काटा.

जब्बारभाईचा ट्रक आला तो याच दिवसांत. जब्बारभाई हा शहागंजकडचा माणूस, आवाज असा की तो कुजबुजला तरी समोरच्याची टोपी हलावी. लष्करी लिलावातला ट्रक त्यानं घेतला होता आणि अजिंठ्याच्या घाटाखाली ज्या वस्त्यांना रस्ता नव्हता तिथं विजेचे खांब पोचवायचं काम धरलं होतं. हा एकच ट्रक, त्यावर सगळं घर. ट्रान्सफरचं एक बेअरिंग कुरकुरायला लागलं होतं. अण्णांनी पेटी उतरवली, उघडली, तेव्हा जब्बारभाई शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "मिस्तरी, गाडी में और कुछ भी तोडो, मैं हंस के चाय पिलाऊंगा. बस ये केसिंग नक्को. हैदराबाद तक का भंगार छान मारा मैं, दूसरी नहीं मिलती. ये गई तो गाडी गई, गाडी किलो के भाव जाती." अण्णा फक्त "हूं" म्हणाले. मी मागं उभी राहून हसत होते. केसिंग म्हणजे पेटीचं ते कवच, ते काय काचेचं भांडं आहे का?

बेअरिंग बसलं. दोन्ही कवचं जुळवली. शेवटच्या दिवशी अण्णांना गॅस्केटचा कागद कमी पडला म्हणून ते शहरात निघाले. जाताना म्हणाले, "गोदे, भोकं एकेक करून पुसून कोरडी कर. मी आल्यावर आवळू." ते सायकलवर बसून गेले. मी भोकं पुसली. बहुतेक पुसली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की फळीवर तयार कापलेलं एक गॅस्केट पडलेलं आहे, नेमकं याच पेटीचं. म्हणजे अण्णा उगाच गेले! ते मापाला ठेवलेलं जुनं होतं, हे मला मागाहून कळलं. ते येईपर्यंत मी पेटी बंद करून, चुन्याच्या रेघा ओढून, पाय पसरून बसलेली असणार, आणि ते बघतच राहणार. काटा आईकडं होता, दारात व्यापारी होता. मी म्हटलं, राहू दे. चौदा बोल्ट मी हातानं घातले. समोरासमोरची रीत तेवढी पाळली. अगदीच अडाणी नव्हते. दहा बोल्ट असे बसले की काय सांगू. अकरावा मधेच अडला. माणसानं तिथं थांबायचं असतं, बोल्ट काढून बघायचं असतं. माझ्या हाताला मात्र आजवर कुणी अडवलं नव्हतं. मी दात चावले आणि ओढलं.

टक्.

तो आवाज मी रोज दिवसभर ऐकत होते. चिंचेचं टरफल फुटल्याचा. क्षणभर मला वाटलं अंगणातूनच आला. मग पाहिलं तर बोल्ट ज्या कानात बसतो, तो कवचाचा कान मुळापासून तडकला होता. बारीक काळी रेघ, करंगळीएवढी. मी ती रेघ बघत होते आणि अंगणात आई व्यापाऱ्याला म्हणत होती, "न्यायचं तर न्या, नाय तर वाट मोकळी करा."

पुढं मी जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही, ज्यांनी हसायचं ते गेले. मी अंगणात गेले, मूठभर चिंचेचा गर आणला, त्यात काळं ग्रीस कालवलं आणि त्या तड्यात दाबून भरलं. वरून बोटानं असं गुळगुळीत केलं की विश्वकर्मा आला असता तरी फसला असता. वर चुन्याची रेघ ओढली. अण्णा आले. बंद पेटी पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी एकेका बोल्टावरून बोट फिरवलं. अकराव्याशी थांबले, खाली वाकले, मिशी जवळ नेली.

"गोदे," ते म्हणाले, "ट्रान्सफरला चिंचेचा वास कधीपासून यायला लागला?"

मी रडले, हे सांगून टाकते. माझ्या रडण्याचा आवाजही मनगटाच्या मापाचाच होता. चारही बायका थाप्या टाकून धावत आल्या. अण्णांनी त्यांना हातानंच परत पाठवलं. पेटी उघडली, तो बोल्ट काढला, भोकात काडी घातली आणि काडी माझ्यासमोर धरली. तिच्या टोकाला तेल होतं. "हे भोक आरपार नाही. विहिरीसारखं आहे, खाली बूड. बुडाला तेल राहिलं. वरून तू बोल्ट दाबत आलीस. तेल दबत नसतं, त्याला जायला वाटही नाही. मग ते विहिरीची भिंत फोडतं." एवढंच. नंतर म्हणाले, "काट्यावर ओढलं असतंस तर पाच किलोच्या आत कळलं असतं की हा वेगळा बोलतोय. हात काय बोलणार? हाताला नुसतं जिंकायचं असतं." थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं, असं आपण म्हणतो. नसतं वाटलं. त्यांच्या त्या काडीपेक्षा कमी लागलं असतं, इतकंच.

संध्याकाळी जब्बारभाई आला. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "जब्बारभाई, केसिंगचा कान आमच्या हातून मोडला." जब्बारभाईचा चेहरा चुन्यासारखा झाला. तो म्हणाला, "किसके हाथ से, मिस्तरी?" अण्णा म्हणाले, "गॅरेजचा हात एकच असतो." मग मीच पुढं झाले. "माझ्या हातानं मोडला, चाचा." त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मनगटाकडं पाहिलं, आणि त्या तसल्या वेळीसुद्धा तो माणूस म्हणाला, "ये हाथ से? फिर तो केसिंग की गलती नहीं." आणि खाली बसून डोकं धरलं. हसू आणि रडू असं एकाच वेळी मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

पुढचे आठ दिवस अण्णांनी जे केलं, त्याला माझ्याकडं शब्द कमी आहेत, आणि माझ्याकडं शब्द कमी पडणं म्हणजे काय हे माझ्या शेजारणींना विचारा. अ‍ॅल्युमिनियम जोडणारा वेल्डर त्यांनी चिकलठाण्यात शोधला. ते कवच आधी निखाऱ्यांवर हळूहळू तापवलं, कान जोडला आणि मग गरम राखेत रात्रभर पुरून ठेवलं, गार वारा लागून पुन्हा तडकू नये म्हणून. एवढी काळजी माझ्या बाळंतपणात माझीसुद्धा कुणी घेतली नाही. मग काचेच्या तक्त्यावर पॉलिशची पेस्ट लावून ते तोंड दोन दिवस घासलं, कवचाखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत. आणि मला काय काम? गॅरेजच्या कोपऱ्यात एक भंगारातलं कवच होतं. त्यावर दिवसभर बोल्ट आवळायचे. डोळे मिटून ओढायचं आणि दहा झाले असं वाटलं की थांबून "दहा" म्हणायचं. अण्णा तबकडी बघायचे. पहिल्या दिवशी मी "दहा" म्हटलं तेव्हा काटा एकोणीसवर होता. दुसऱ्या दिवशी सतरा. आई येता-जाता म्हणायची, "अगं यापारी असतीस तर कधीच लुटली गेली असतीस!" सातव्या दिवशी सलग तीनदा दहा आले. अण्णा म्हणाले, "आता डोळे उघडून काट्यावर कर. हाताला अक्कल आली म्हणून काटा सोडायचा नसतो."

खरी पेटी मी आवळली. कोरडी भोकं, चार, सात, दहा, समोरासमोर. जब्बारभाई शेजारी बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. आता आमच्या गॅरेजचा एक कायदा होता: ज्यानं ट्रान्सफर आवळली, त्यानं पहिल्या भरल्या खेपेला ट्रकमध्ये बसायचं आणि मोठा उतार लागण्याआधी खाली शिरून सगळे बोल्ट पुन्हा तोलायचे. आजवर अण्णाच बसत आले होते. त्या दिवशी त्यांनी पाना माझ्या हातात दिला. आई उंबऱ्यातून म्हणाली, "तरणी पोर एकटी घाटात? काटा जाईल तिथं मी जाईन. अन् अजिंठ्याला दोन झाडं बघायची हायेत." अशी आमची वरात निघाली. मागं लोखंडी खांब, पुढं जब्बारभाई, मी आणि मांडीवर काटा घेतलेली आई.

अजिंठ्याला पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. गावाबाहेर, घाट सुरू होण्याआधी जब्बारभाईनं ट्रक उभा केला आणि घड्याळ पाहिलं. खाली मुकादम मजूर घेऊन उभा होता. चार वाजेपर्यंत खांब आले नाहीत तर तो मजुरांना घेऊन जाणार आणि उद्यापासून दुसऱ्याची गाडी लावणार, असं त्यानं बजावलेलं. मी खाली शिरले. पेटीला हात लावला आणि हात झटकला, तव्यासारखी तापलेली. अण्णांनी सांगितलेलं आठवलं, गरम पेटी तोलायची नाही. अ‍ॅल्युमिनियम तापलं की बोल्टापेक्षा जास्त फुगतं, आवळलेलं आणखी आवळून बसतं, आणि काटा खोटा आकडा दाखवतो. मी बाहेर आले. "चाचा, गार होऊ दे. तासभर तरी."

"तास!" जब्बारभाई असा ओरडला की लेण्यांमधली वटवाघळं उडाली असतील. "अगे बेटी, चूना देख ना! चूना अपनी जगह पे है!" रेघा खरंच सलग होत्या, चौदाच्या चौदा. बोल्ट फिरला नव्हता. मी म्हटलं, बोल्ट फिरला नाही एवढंच चुना सांगतो. खालचं बसलं की नाही ते त्याला कुठं कळतं. "तेल गळा क्या? एक थेंब?" नव्हतं गळालं. "फिर?" तो चढून बसला आणि किल्लीला हात घातला. मी दुसऱ्या बाजूनं हात घालून किल्ली काढली आणि पोलक्यात टाकली. तिथून ती काढायची हिंमत अजिंठ्यात तरी कुणाची नव्हती. जब्बारभाईनं आईकडं पाहिलं. "भाभी, तुम बोलो इसको. मेरा काम जाता!"

मला वाटलं, झालं. त्या काट्यावरून जन्मभर अण्णांशी भांडलेली बाई. पण आईनं पदर खोचला, दगडावर बसली आणि म्हणाली, "जब्बारभाई, ओली चिंच मी तोलत न्हाई. कितीबी घाई असू दे यापाऱ्याला. माझी पोर गरम बॉक्स तोलत न्हाई. बसा गप."

बसला. असा तास मी आयुष्यात काढला नाही. जब्बारभाई दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचा आणि दर दहा मिनिटांनी खिशातून विडी काढून परत ठेवायचा. आईनं तेवढ्यात एका झाडाचा सौदा मोडला आणि पुन्हा जोडला. मी खाली झोपून पेटीवर तळहात ठेवत होते. चटका बसायचा थांबला, मग ऊब राहिली, मग तीही गेली. काटा मागितला.

पहिला, दहावर किंचित हलला. दुसरा दहा. समोरचा दहा. दहा, साडेनऊ, दहा. पुढचे चारही दहाच. अकरावा लावला. जोडलेल्या कानाचा. ओढलं, आणि काटा आठवर असतानाच बोल्ट सुटल्यासारखा पुढं सरकला. चुन्याची रेघ तिथं मोडली. जोड दबून बसला होता. वर बोल्ट जसाच्या तसा आणि खाली पकड गेलेली. या उतारावर, खालच्या गिअरमधे, मागं एवढं लोखंड ढकलत असताना तो कान किती वेळ टिकला असता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जब्बारभाई गुडघ्यांवर येऊन तबकडीच बघत होता. मी ओढत राहिले, हळू. साडेआठ. नऊ. साडेनऊ. मनगटात सगळी जुनी खाज उभी राहिली. हा तर जोडलेला, हा जरा जास्तच घ्यावा, अकरा, बारा, काय होतंय. काटा दहावर आला. मी हात काढून घेतला आणि तो पोटाशी दाबून धरला, जसं चावऱ्या कुत्र्याला धरतात.

मी बाहेर आले. उरलेले तिन्ही बोल्टही दहावरच निघाले होते; किल्ली दिली. जब्बारभाईनं ती घेतली, आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि खोल गेलेल्या आवाजात, म्हणजे तुमच्या-आमच्या नेहमीच्या आवाजात, म्हणाला, "मुकुंदवाडी में एक था. अब दो हो गए. अल्ला रहम करे." आणि घाट उतरायला लागला. पेटी एका सुरात घुमत होती. मी ही गोष्ट सांगताना चाराला पाच कमी असताना पोचलो असं सांगते. खरं म्हणजे साडेचार होऊन गेले होते, मुकादमानं दोर गुंडाळले होते आणि निम्मे मजूर चालायला लागले होते. पण जब्बारभाईनं वरूनच असा आवाज टाकला की गेलेले परत आले. खांब उतरले. काम त्याचंच राहिलं. तो ट्रक पुढं कितीतरी वर्षं चालला, आणि पेटी गळाली नाही.

घरी आलो तेव्हा अण्णा अंगणात बसून आईच्या चिंचा निवडत होते. हे दृश्य आधीही कुणी पाहिलं नव्हतं आणि नंतरही. काटा मी त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी वर पाहिलं नाही.

"अकरावा किती?"

क्षणभर तोंडात "दहा" आलं होतं. गिळलं. "आठ," मी म्हटलं. "आठवर हलला. मग दहावर नेला."

"आठ?" त्यांनी हातातली चिंच खाली ठेवली. "मी साडेसात धरले होते."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. नवा जोड पहिल्या खेपेला दबणार, कोणता दबणार आणि किती दबणार, हे त्यांनी मुकुंदवाडीत बसून ठरवलं होतं, आणि तरी मला, माझ्या आईला आणि जब्बारभाईच्या सगळ्या घराला घेऊन तो ट्रक जाऊ दिला होता, कारण घाटाच्या तोंडाशी पेटीखाली मी असणार होते. इतका भरवसा माझ्यावर त्यानंतर नवऱ्यानंही टाकला नाही, देवानंही नाही. अण्णांवर मी कितीतरी गोष्टी रचल्या; वावटळीत उडण्याची रचली, मिशीच्या वजनाची रचली. ही मात्र जशीच्या तशी आहे. तो माणूस चुकलेला मी जन्मात एकदाच पाहिला, आणि तोही अर्ध्या किलोनं.